दुपारी दोन ते चार : आई, वेळ आणि सतरा नंबरचा फॉर्म

या वेळचा एपिसोड पुण्याच्या रूमवरून नाही, किल्लारीत घरच्या गच्चीवर बसून रेकॉर्ड केलाय. मधेमधे ट्रॅक्टरचा आवाज येतो, त्याबद्दल सॉरी. ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हे लिहून काढलंय, थोडं सावरून.

विषय तुमचाच. मेसेजमध्ये सगळ्यात जास्त येणारा प्रश्न : "दादा, नोकरी सांभाळून स्वतःसाठी वेळ कसा काढायचा?" कुणाला गिटार शिकायचीय, कुणाला एमपीएससी द्यायचीय, कुणाला नुसतं पळायला जायचंय. माझं उत्तर तयार होतं : कॅलेंडर लावा, टायमर लावा, पहाटे उठा. त्या उत्तराची माझ्या आईनं पार वाट लावली.

आई आता चव्वेचाळीसची. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा ती सातवीत होती. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली, आणि दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. तिच्या घरातली माणसं वाचली, घर गेलं. मग पत्र्याचं शेड, मग मजुरी, मग लग्न. शाळा सुटली ती सुटलीच. मागच्या दिवाळीत भांडी घासता घासता म्हणाली, "मला धाव्वी करायचीय."

मी इंजिनिअर माणूस. लगेच तिच्या फोनवर अभ्यासाचं ॲप टाकलं, पहाटे साडेपाचचा अलार्म लावला आणि पुण्याला निघून गेलो. आठ दिवसांनी बघितलं तर ॲप एकदाच उघडलेलं. मी फोनवर जरा चिडलोच, "आई, इच्छा असली की वेळ निघतो गं." ती शांतपणे म्हणाली, "साडेपाचला पानी कोन भरायलंय मग? तू येतूस का?"

पुढच्या सुट्टीत मी एक दिवस वही घेऊन तिच्या मागंमागं फिरलो. हसू नका, आमच्याकडं कोड स्लो चालला की आधी मोजतात, मगच दुरुस्त करतात. पाणी, झाडलोट, चहा, भाकरी, डबा, मग शेतात सोयाबीनची खुरपणी. दुपारी जेवणं. संध्याकाळी पुन्हा चूल, म्हणजे आता गॅस. रात्री साडेनऊला ती बसल्या जागी पेंगत होती. आणि वहीत एक गोष्ट ठळक दिसली : सकाळी नऊच्या आत तिला अकरा वेळा कुणीतरी हाक मारली होती. त्यातल्या चार हाका माझ्या.

हे काही आमच्याच घरचं नाही. केंद्र सरकारचं 2024 चं टाइम यूज सर्वेक्षण आहे. माणसं दिवसाचे 24 तास कशात घालवतात ते त्यात घरोघरी विचारतात. त्यात 15 ते 59 वयाच्या, घरकाम करणाऱ्या बायकांचे रोजचे साधारण 305 मिनिटं बिनपगारी घरकामात जातात. घरकाम करणाऱ्या पुरुषांचे त्याहून खूपच कमी. आणि हे फक्त घरातलं. खुरपणी यात धरलेली नाही. अशा दिवसात अलार्म लावून नवीन तास तयार होत नाही, फक्त झोपेतला एक तास कापला जातो.

मग उपाय काय? इथं मला फांगणेच्या आज्या आठवल्या. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटं गाव आहे. तिथं 8 मार्च 2016 ला, महिला दिनाच्या दिवशी, आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती काढली आणि एका ट्रस्टनं पाटी, दप्तर, साड्या दिल्या. विद्यार्थिनी साठीपासून नव्वदीपर्यंतच्या, गणवेश गुलाबी नऊवारी. शिकवायला गावातलीच एक सून, आणि तिची सासू तिच्याच वर्गात! फोटो तुम्ही बघितलेच असतील, रिल्सवर फिरत असतात.

पण रिल्समध्ये येत नाही ती गोष्ट म्हणजे शाळेची वेळ. दुपारी दोन ते चार. सकाळी शेत आणि स्वयंपाक, संध्याकाळी पुन्हा चूल, मधे हीच एक फट. म्हणजे शाळेनं आज्यांना स्वतःची वेळ बदलायला लावली नाही, शाळाच त्यांच्या दिवसात जाऊन बसली. दुसरं, साडी. गुलाबी साडी नेसून, दप्तर घेऊन बाई निघाली की अख्ख्या गावाला कळतं ती कुठं चाललीय. मग "जरा एवढं करून जा" म्हणायला जीभ रेटत नाही. माझ्या मते त्या शाळेची खरी युक्ती ही साडी आहे. आमच्या ऑफिसात लोक हेडफोन घालून बसतात, तसंच हे, फक्त जास्त भारी.

(जाता जाता, केनियात किमानी मारुगे नावाचे आजोबा 2004 मध्ये, 84 व्या वर्षी पहिलीत बसले होते. तिथं प्राथमिक शिक्षण नुकतंच फुकट झालं होतं. दार उघडल्याशिवाय त्यांनाही जमलं नव्हतं.)

तर आम्ही फांगणेचं वेळापत्रक जसंच्या तसं उचललं. दुपारी दोन ते चार आईची शाळा, माजघरात नाही, पुढच्या खोलीत, टेबल-खुर्चीवर. त्या वेळेत दारावर कुणी आलं तर पप्पा बघणार आणि चारचा चहा पप्पाच करणार. पप्पा पहिले दोन दिवस साखर कुठंय ते विचारायला आत येत होते. तिसऱ्या दिवशी आईनं डब्यांवर खडूनं नावं लिहिली, तोच तिचा पहिला होमवर्क. खुरपणीच्या दिवसांत दोन तासांचा एकच होतो, कधी तोही नाही. चालतंय.

आता कामाची माहिती, कारण तुमच्याही घरात कुणीतरी असेल. शाळा सुटलेल्या माणसाला राज्य मंडळाची दहावी घरी अभ्यास करून देता येते, त्यालाच आपण सतरा नंबरचा फॉर्म म्हणतो. पाचवी झालेली असावी लागते. फॉर्म ऑनलाइन भरायचा, पण परीक्षेच्या बरेच महिने आधी, त्यामुळं जानेवारीत जाग आली तर ते वर्ष गेलं. परीक्षा मात्र बाकी पोरांबरोबरच, पेपर तोच, पासिंग 35 च. ज्यांना अक्षरओळखच नाही त्यांच्यासाठी उल्लास हा नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे, 15 वर्षांपुढच्या कुणालाही. त्याची परीक्षा 150 मार्कांची : वाचन, लेखन, आकडेमोड, 50-50-50.

फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. आमचं गाडं इथंच अडलं. आईनं दाखला कधी काढलाच नव्हता. तशा दिवसांत दाखला कोण काढणार? गेल्या महिन्यात आम्ही दोघं तिच्या माहेरच्या शाळेत गेलो. इमारत नवी, गावही नव्या जागेवर. क्लार्कनं कपाटातून जनरल रजिस्टर काढलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या. पाऊण तास पानं उलटली. आईनंच बोट ठेवलं, "हे बगा, मी." तिचं नाव होतं, जन्मतारीख होती. शाळा सोडल्याचं कारण लिहायचा रकाना मात्र कोरा.

क्लार्क म्हणाले, दाखल्यावर काहीतरी लिहावं लागतं, काय लिहू?

आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "धरनीकंप लिवा."

ते नियमात बसत नाही म्हणून त्यांनी दुसरंच काहीतरी लिहिलं. दाखला मिळालाय. फॉर्म या आठवड्यात भरतोय. सध्या ती बीजगणितात अडकलीय आणि 'एक्स म्हंजे नक्की कोन' हा तिचा प्रश्न मला अजून नीट सोडवता आलेला नाही. कुणाकडं मराठीत सोप्या भाषेतले व्हिडिओ असतील तर लिंक पाठवा, फक्त दोन ते चारमध्ये फोन करू नका.