खेड, गाव आणि गंगा : मोताळ्याच्या नकाशावरची जोडनावे

बोराखेडी, पिंपळगाव देवी, रोहिणखेड, शेलापूर, नळगंगा ही बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील नावे सामासिक आहेत. अशा नावातले उत्तरपद वस्तीचा किंवा प्रवाहाचा प्रकार सांगते आणि पूर्वपद त्यातली नेमकी वस्ती किंवा प्रवाह ओळखायला मदत करते.

शब्द झिजतात ते ठरावीक वाटेने. संस्कृत 'ग्राम'चे प्राकृतात 'गाम' झाले आणि मराठीत 'गांव'. मूळच्या 'म'ची खूण म्हणून राहिलेला अनुस्वार 1962च्या शुद्धलेखन नियमांनी लेखनातूनही गेला. 'खेट'मधला स्वरांमधील 'ट' मऊ होऊन 'खेड' झाले. 'पिप्पल'मधला एकेरी 'ल' मराठीत 'ळ' झाला, म्हणून पिंपळ. 'बदर'मधला 'द' गळून दोन स्वर एकवटले आणि 'बोर' उरले. अशी झीज मराठीपुरती नाही. नॉर्वेत 'हेइम' म्हणजे घर, वस्ती. तिथले 'सोलहेइम' हे जोडनाव काही भागांत झिजून 'सोलेम' झाले.

'गंगा' या पदाची कथा अधिक रोचक आहे. विदर्भात ते एका नदीचे नाव न राहता नदी या अर्थाचे उत्तरपद बनले : वैनगंगा, पैनगंगा, ज्ञानगंगा, विश्वगंगा. गोदावरीकाठालाही 'गंगाथडी' म्हणतात. शेलापूरजवळ धरण असलेली नळगंगा अजिंठ्याच्या डोंगररांगेतून उत्तरेकडे उतरते, पूर्णेला मिळते आणि तापीवाटे तिचे पाणी अरबी समुद्रात जाते. त्याच रांगेत उगवणारी पैनगंगा मात्र पूर्वेकडे वळून वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीवाटे बंगालच्या उपसागराला जाते. पाणलोट वेगळे असले तरी दोन्ही नद्यांच्या नावांचे उत्तरपद एकच आहे.

शब्दांच्या झिजेच्या या नियमांचा खरा उपयोग प्रचलित व्युत्पत्ती पारखायला होतो. बुलढाणा हे नाव 'भिल्लठाणा'वरून आले, असे सर्रास सांगतात. 'स्थान'वरून 'ठाण' येणे रीतसर आहे. 'ठ'चा 'ढ' होण्यालाही 'पीठ'वरून आलेल्या 'पिढे'सारखा आधार आहे. पण 'भि'चा 'बु' कसा झाला, हे कोणत्याही नियमित बदलाने उलगडत नाही. म्हणून ही व्युत्पत्ती सिद्ध न मानता लोकपरंपरा मानणेच योग्य.

आपल्या गावाच्या नावाचा अर्थ सांगण्याआधी वाचकांनी जुन्या सनदा, शिलालेख आणि महसुली दप्तरांतील त्याचे रूप आवर्जून पाहावे.