सवलतीची पिशवी आणि घरातले ताट



पगार झाला की पहिल्याच रविवारी आपल्यापैकी बरीच घरे सवलतीच्या मोठ्या दुकानात जातात. डाळ, तांदूळ, साबण, कपड्याची पावडर तिथे पुष्कळदा वाण्यापेक्षा स्वस्त पडते. कष्टाचा पैसा वाचवण्यात काहीच गैर नाही. पण बिलावर ‘तुमची बचत’ म्हणून छापलेला पैसा खरोखर घरात उरतो का आणि त्या पिशवीतून मुलांच्या ताटात काय येते, हे आपण पाहायला हवे.

‘एकावर एक फुकट’ ही पाटी बहुतेक वेळा बिस्किटे, फरसाण, नूडल्स आणि थंड पेयांवर असते. हा माल महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून दुकानाला तो ढिगाने ठेवता येतो. आपण एक पुडा घ्यायला जातो आणि चार आणतो. घरात चार आले की चारही लगेच संपतात.

साखर दिवसाला माणशी 25 ग्रॅमच्या आत, म्हणजे पाच चमच्यांच्या आत असलेली बरी. थंड पेयाच्या 600 मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे 12 चमचे साखर असते. मीठ दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नूडल्सच्या एका लहान पाकिटातच दीड ते दोन ग्रॅम मीठ जाते. घरात कुणाला बीपी किंवा शुगर असेल, तर ही सूट त्यांना महागात पडते.

दुसरा तोटा हातातल्या पैशाचा. सगळे सामान एकदम रोखीने भरले की पंधरा तारखेनंतर भाजी, अंडी, दूध यांना पैसे उरत नाहीत. मग वाण्याकडे उधारी सुरू होते आणि घरातली बाई आधी आपल्याच ताटातली भाजी कमी करते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. अशा वेळी हिरवी भाजी आणि अंडे ताटातून जाणे परवडणारे नाही.

तिसरी गोष्ट साठवणीची. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत, पावसाळ्याच्या ओलीत, मोठ्या थैलीतल्या डाळ-तांदळाला किडे लागतात. अर्धी थैली टाकावी लागली तर बचत कुठे राहिली?

मग काय करावे? दुकान सोडायला नको, पण पुढील गोष्टी पाळूया.

1. भाजी, अंडी, दूध यांचे महिन्याचे पैसे आधी वेगळ्या डब्यात काढून ठेवा. उरलेल्यातूनच सामान भरा.
2. रेशनवर मिळणारे धान्य आधी मोजा. कमी पडेल तेवढेच विकत घ्या.
3. घरून यादी करून जा. रिकाम्या पोटी जाऊ नका.
4. पाकिटावर दर ग्रॅमला किंवा किलोला काय भाव पडतो, ते छापलेले असते. मोठे पाकीट दर वेळी स्वस्त असतेच असे नाही. शेजारच्या पाकिटाशी ताडून पाहा.
5. सूट असलेल्या मालाची मुदत कधी संपते, ते पैसे देण्यापूर्वी वाचा. आपल्याला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीला सोबत न्या.
6. घटकांच्या यादीत जो पदार्थ जास्त, तो आधी लिहिलेला असतो. मैदा, साखर, पाम तेल पहिल्या ओळीत दिसले तर पुडा परत ठेवा. मुलांच्या खाऊसाठी फुटाणे, शेंगदाणे, केळी आणा.
7. मुदत संपलेला माल मिळाला किंवा छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले, तर बिल जपून ठेवा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

पुढच्या महिन्याचे बिल घरी आणल्यावर सगळ्यांनी मिळून वाचा. त्यातले किती रुपये डाळ-तांदळाचे आणि किती पुड्यांचे, याची बेरीज करा. पुड्यांच्या पैशात किती अंडी आली असती, तेही मोजा.