पावसाळी चेनला मेणाचा हात

कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती विठ्ठलवाडीला. जुलैत घरून या स्टेशनपर्यंत सायकलने येणाऱ्याच्या चेनवर वरून पाणी पडतं आणि खालून चिखल उडतो. त्यातला चिखल जास्त घातक.

हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टरला पेटंट घेतलेली रोलर चेन आजही जवळपास तशीच आहे. तिची खरी झीज बाहेरून दिसत नाही. ती होते पिनेभोवती, रोलरच्या पोटात. कोपऱ्यावरच्या दुकानात चेनवर जळकं ऑइल सोडतात. आवाज लगेच थांबतो, पण त्या ऑइलला बारीक वाळू चिकटते आणि पॉलिश पेपरचं काम सुरू होतं. मेण थंड झाल्यावर कोरडं असतं, त्यामुळे वाळू त्यावर फारशी टिकत नाही.

मात्र आधी चेन पूर्ण निर्मळ हवी. नव्या चेनलाही कारखान्यातलं चिकट ग्रीस असतंच. रुंद तोंडाच्या बाटलीत टर्पेंटाइन घालून चेन खळखळ हलवायची, काळं पाणी बदलत राहायचं, शेवटी स्पिरिटने धुऊन वाळवायची. इथे कंटाळा केला की पुढचं मेण वाया.

मेणबत्तीचं साधं पॅराफिन साठेक अंशाला वितळतं. ते थेट गॅसवर ठेवू नये, पेट घेईल. गरम पाण्याच्या पातेल्यात मेणाचा डबा ठेवला की ते शंभर अंशांच्या वर जात नाही. तारेत ओवलेली चेन त्यात सोडली की बुडबुडे येतात. ही रोलरमधली हवा. ते थांबले तरी चेन आणखी काही मिनिटं हलवत राहावं, मग मेण जरा निवल्यावर बाहेर काढून टांगावी. गार झालेली चेन काठीसारखी ताठ होते. एकेक कडी वाकवून मोकळी केली की ती सायकलवर चढते.

आता पावसाचं. मेण पाणी झटकतं खरं, पण त्याचा थर पातळ असतो. धो-धो पावसातल्या मोजक्याच फेऱ्यांत तो निघून जातो, चेन कुरकुरते आणि ओली तशीच ठेवली तर सकाळी तांबूस गंज दिसतो. म्हणून पावसाळ्यात मेणवाले दोन चेनी ठेवतात: एक सायकलवर, दुसरी मेण लावून तयार. उतरवलेली चेन उकळत्या पाण्याने धुतली की जुनं मेण आणि चिखल एकदमच निघतात. मग लगेच वाळवून पुन्हा डब्यात.

एवढा खटाटोप सगळ्यांसाठी नाही. बंद चेनकव्हरची काळी सायकल असेल तर मेणाच्या भानगडीत पडूच नये. उघड्या चेनची गिअरवाली सायकल रोज पावसात काढणाऱ्याला हा उद्योग परवडतो, तोही आठवड्याला चेन उतरवायची तयारी असेल तरच. नसेल तर दाट तेल घालावं आणि रोज घरी आल्यावर फडक्याने पुसावं.

आणि मेण वितळवण्याआधी शाळेची पट्टी लावून पाहावी. नव्या चेनमध्ये १२ इंचांत बरोबर २४ कड्या बसतात. तेवढ्याच कड्या १/१६ इंचाने लांबल्या असतील तर गिअरच्या सायकलची चेन बदलावी. बिनगिअरची १/८ इंचापर्यंत चालते. त्यापुढे ती फ्रीव्हीलचे दात खाते, मग कितीही मेण लावा.