तंत्रज्ञांच्या गप्पांत दडलेले नावीन्य

एखाद्या संस्थेत नवी कल्पना कोठे जन्माला येते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा आकड्यांत शोधले जाते. पेटंट किती मिळाली, संशोधनावर किती खर्च झाला, नव्या उत्पादनांतून किती उत्पन्न आले, ही मोजदाद आवश्यकच आहे. मात्र तिच्यातून फलित कळते, प्रक्रिया नव्हे. एखादी कल्पना कशी सुचली आणि दुसरी वाटेतच का विरली, हे समजून घेण्यासाठी गुणात्मक संशोधनपद्धतीकडे वळावे लागते. सहभागी निरीक्षण, सखोल मुलाखती आणि दैनंदिन कामाच्या तपशीलवार नोंदी ही तिची प्रमुख साधने.

छायाप्रतीलाच आपल्याकडे जिचे नाव पडले, त्या झेरॉक्स कंपनीतील अभ्यास या पद्धतीचे बोलके उदाहरण आहे. कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो संशोधन केंद्रातील मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी १९८०च्या दशकात यंत्रदुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांचा अभ्यास केला. प्रश्नावली वाटण्याऐवजी ते तंत्रज्ञांबरोबर ग्राहकांच्या कार्यालयांत गेले, त्यांच्या चहापाण्याच्या आणि जेवणाच्या गप्पांत बसले. या निरीक्षणांवर आधारित त्यांचे पुस्तक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले.

व्यवस्थापनाच्या दृष्टीने दुरुस्ती हे एकट्याने करायचे काम होते. यंत्रावर त्रुटीचा संकेतांक दिसला, की माहितीपुस्तिका उघडायची आणि तिच्यातील पायऱ्यांनुसार पुढे जायचे. प्रत्यक्षात मात्र पुस्तिकेत न बसणारे बिघाड वारंवार उद्भवत. अशा वेळी तंत्रज्ञ पूर्वीच्या बिघाडांच्या कथा एकमेकांना सांगत आणि त्यांतून निदानापर्यंत पोचत. मग या नव्या बिघाडाचीही कथा होई आणि ती सहकाऱ्यांत फिरे. कागदोपत्री जो वेळ रिकामटेकड्या गप्पांत वाया जात होता, त्याच वेळात नवे ज्ञान घडत होते. खर्चकपातीच्या नावाखाली या गप्पा बंद केल्या असत्या, तर कंपनीने आपली दुरुस्तीची क्षमताच गमावली असती.

ऑर यांच्या निरीक्षणांचा आधार घेऊन जॉन सीली ब्राउन आणि पॉल ड्युगिड यांनी १९९१ मध्ये काम, शिकणे आणि नवनिर्मिती या गोष्टी परस्परांत गुंतलेल्या असतात, अशी मांडणी केली. पुढे झेरॉक्सने ‘युरेका’ नावाचा माहितीसंग्रह उभारला. तंत्रज्ञांनी सुचवलेले उपाय त्यांचे सहकारी तपासत आणि स्वीकारलेला उपाय सुचवणाऱ्याच्या नावासह सर्वांना उपलब्ध होई. व्यवसायबंधूंमधील मान ही येथे मोठी प्रेरणा ठरली.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. मोजक्या लोकांच्या निरीक्षणावरून सरसकट निष्कर्ष काढता येत नाहीत. संशोधकाचे पूर्वग्रह नोंदींत उतरू शकतात आणि कोणीतरी पाहत आहे याची जाणीव झाल्यास माणसांचे वागणेही बदलते. म्हणूनच निरीक्षण, मुलाखत आणि कागदपत्रे एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. वरिष्ठांच्या कानावर जाण्याची भीती असेल, तर कर्मचारी मोकळेपणाने बोलत नाहीत; त्यामुळे गोपनीयता पाळणे हा अभ्यासाचा पायाच ठरतो.

आकडेवारी आणि निरीक्षण परस्परांना पूरक आहेत. परंतु काय मोजायचे हे ठरवण्यापूर्वी काम प्रत्यक्षात कसे चालते, हे पाहणे अगत्याचे ठरते. अन्यथा जे मोजता येते तेच महत्त्वाचे मानले जाते आणि नावीन्याचा खरा उगम दुर्लक्षित राहतो.