मूठ परभणीची, पण डोके कुठून आणायचे?

हाताने घडवलेल्या रेझरसाठी चांगला सुटा माल : कारागीर बंधूंसाठी काही अनुभवाच्या गोष्टी

दुधारी पात्याचा जुना रेझर पुन्हा मागणीत आला आहे. प्लास्टिकचे वापरून फेकायचे रेझर घेऊन कंटाळलेले गिऱ्हाईक आता शिसवी किंवा पितळी मुठीचा, वर्षानुवर्षे टिकणारा रेझर मागते. लग्नात किंवा ईदला भेट म्हणूनही तो दिला जातो. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड या गावांत पलंगाचे पाय आणि लाटणी खरादावर काढणारे हात आहेत. त्यांना रेझरची मूठ काढणे अवघड नाही. अडचण येते ती मुठीवर बसणाऱ्या डोक्याची. डोके परभणीत तयार होत नाही, ते बाहेरूनच आणावे लागते आणि नवा माणूस फसतो तो नेमका तिथेच.

आम्हीही फसलो आहोत. एका ओळखीच्या खरादी कारागिरासाठी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून आम्ही डोक्यांचे पाकीट मागवले. आधी आलेला नमुना पितळेचा होता. नंतर आलेल्या मालावर चमक तीच होती, पण आत जस्त निघाले. तोवर मुठी तयार होऊन काही रेझर विकलेही गेले होते. दोन-तीन महिन्यांत एक गिऱ्हाईक परत आले. डोक्याचा खिळा मुठीतच मोडून अडकला होता. पैसे परत दिले, पण त्या गल्लीत कारागिराचे नाव गेले ते गेलेच. व्यापाऱ्याने हात झटकले, कारण बिलावर धातूचे नावच नव्हते.

तीन तुकड्यांची रचना

या रेझरची रचना अमेरिकेच्या किंग कॅम्प जिलेट यांची. विक्री १९०३ साली सुरू झाली, तेव्हा वर्षभरात अवघे ५१ रेझर खपले. पुढच्याच वर्षी हा आकडा ९० हजारांवर गेला. पेटंट १९०४ साली मिळाले आणि १९२१ साली संपले. तेव्हापासून ही मूळ रचना कोणीही बनवू शकतो. वरची टोपी, खालची तळपट्टी आणि मूठ असे तिचे तीन तुकडे. पाते टोपी आणि तळपट्टीच्या मध्ये बसते. टोपीच्या पोटातून निघालेला आट्यांचा खिळा तळपट्टीतून आरपार जाऊन मुठीत फिरतो. पाते साधारण ४३ मिलिमीटर लांब, २२ मिलिमीटर रुंद आणि जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असते. एवढ्या पातळ पात्याला नेमका बाक देऊन दोन्ही बाजूंना सारखी धार बाहेर ठेवायची, हे डोक्याचे काम. त्यात केसाएवढा फरक पडला तरी गाल कापतो. म्हणून डोके घरच्या कानशीने घडवण्याच्या भानगडीत पडू नये. मूठ आपण करावी आणि डोके पारखून विकत घ्यावे.

धातू कसा ओळखावा

स्वस्त डोकी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात आणि वर क्रोमचा मुलामा असतो. मुलामा शाबूत आहे तोवर ती चालतात. तो उडाला की पाणी आत शिरते, धातू पांढरट पडतो आणि सर्वांत आधी खिळा मोडतो. पितळ जड असते आणि ते वाकते, पण सहसा तुटत नाही. स्टेनलेस स्टील सर्वांत टिकाऊ आणि महागही. त्यातही ३१६ नंबरचे ३०४ पेक्षा गंजाला अधिक दाद देत नाही.

पारख सोपी आहे. तळपट्टीच्या भोकात आतून बारीक कानस हलकेच फिरवा. पिवळे दिसले तर पितळ, राखाडी-पांढरे दिसले तर जस्त. एकाच आकाराची दोन डोकी काट्यावर ठेवलीत तर पितळेचे स्पष्ट जड भरते. चुंबकावर मात्र विसंबू नका, कारण तो जस्तालाही चिकटत नाही आणि पितळेलाही नाही.

आट्यांचा घोळ

कारागीर ज्याला चुडी म्हणतात, त्या आट्यांत सर्वांत जास्त माल वाया जातो. आजच्या बहुतेक डोक्यांचा खिळा एम-५ मापाचा असतो, म्हणजे ५ मिलिमीटर व्यास आणि आट्यांचे अंतर ०.८ मिलिमीटर. काही डोकी मात्र अमेरिकी १०-३२ मापाची येतात. त्यांचा व्यास ४.८३ मिलिमीटरच्या आसपास आणि अंतर ०.७९ मिलिमीटर. फरक इतका थोडा की एकाचा खिळा दुसऱ्यात फिरतो आणि माणसाला वाटते, बसले. पण १०-३२ चा खिळा एम-५ च्या मुठीत ढिला राहतो, आणि उलट केले तर दोन-चार फेऱ्यांत आवळून आटे खातो. म्हणून हातात व्हर्नियर घेतल्याशिवाय माल उचलू नये.

लाकडी मुठीत आटे थेट पाडू नका. उन्हाळ्याच्या तापात आणि पावसाळ्याच्या ओलीत आपल्या भागातले लाकूड आकसते, फुगते. आत पितळेचा बुश बसवा आणि तो अ‍ॅराल्डाइटने पक्का करा. एम-५ साठी ४.२ मिलिमीटरचे भोक पाडा, मग तीन टॅपचा संच क्रमाने फिरवा. भोक खिळ्यापेक्षा थोडे खोल ठेवा, नाहीतर डोके पूर्ण आवळले जाणार नाही आणि पाते हलेल.

माल कुठे पाहावा

सुट्या वस्तूंसाठी मुंबईचा नागदेवी स्ट्रीट हा जुना बाजार. स्क्रू, टॅप, ड्रिल, हत्यारे तिथे घाऊक मिळतात. देवगिरी एक्स्प्रेसने परभणीहून निघाले की सीएसएमटी स्टेशनवरून तो पायी अंतरावर आहे. पितळेचे सुटे भाग मोठ्या संख्येने करून घ्यायचे असतील तर गुजरातचे जामनगर हे त्या धंद्याचे ठिकाण. तिथले कारखाने नकाशा पाहून माल काढतात, पण थोडक्या नगांसाठी सहसा मशीन लावत नाहीत. चार-पाच कारागिरांनी मिळून एकच ऑर्डर द्यावी, हे शहाणपणाचे. जवळचे म्हणाल तर औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा एमआयडीसीत इंडो-जर्मन टूल रूम आहे. बारीक मापाचे काम आणि मशीनचे प्रशिक्षण यांची चौकशी तिथे करता येते. घरातला एखादा मुलगा हे काम शिकला, तर पुढे डोकीही इथेच का होऊ नयेत?

ऑर्डर देण्यापूर्वी

आधी थोडेच नग घ्या. प्रत्येकात पाते घालून उजेडासमोर धरा आणि दोन्ही बाजूंची धार सारखी बाहेर आहे का ते पाहा. एक डोके काही दिवस पाण्यात ठेवा. बिलावर धातूचे नाव आणि आट्यांचे माप लिहून घ्या. पसंत नमुन्यावर व्यापाऱ्याची सही घेऊन तो स्वतःजवळ ठेवा. पाकीट आले की त्यातून चार-दोन डोकी काढून कानस लावून पाहा आणि मगच मुठी जोडायला घ्या. यातली एकही गोष्ट आम्ही केली नव्हती.

शेवटी एवढेच. जस्ताचे डोके विकणे हा गुन्हा नाही, पण ते पितळेचे म्हणून विकू नये. स्वस्त रेझर स्वस्त म्हणून विका आणि महागाचे कारण गिऱ्हाइकाला समजावून सांगा. मूठ कितीही देखणी असली तरी गिऱ्हाईक ज्याच्यावर गाल सोपवते ते डोके आहे, आणि ते मोडले तर नाव व्यापाऱ्याचे नाही, कारागिराचे जाते.