उभ्या राहिलेल्या मोटारीचें दुखणें

मोटार उभी राहिली म्हणजे ती झिजत नाहीं, असा आपला एक समज असतो. सन २०२० च्या मार्चअखेर देशभर टाळेबंदी झाली आणि शहरांतल्या गाड्या महिनोन् महिने जागच्या हलल्या नाहींत. घरांतल्या वडील माणसाला इस्पितळांत न्यावयाचें, आणि किल्ली फिरवितांच गाडींतून नुसता 'टक्' असा आवाज यावयाचा, ही वेळ तेव्हां पुष्कळांवर आली. परदेशीं मुलांकडे सहा महिने राहून परतणाऱ्यांना हा अनुभव आजहि येतो. तेव्हां अशी गाडी कां रुसते, आणि तिची समजूत कोणत्या क्रमानें काढावी, तें पाहूं.

इंजिनाला हवा, पेट्रोल, ठिणगी व सिलिंडरांतला दाब, एवढें लागतें. पण बहुधा दोष या चौघांच्याहि अलीकडे, बॅटरींत असतो. गाडी बंद असली तरी घड्याळ, चोरीची घंटा व छोटा संगणक हीं मंडळी विजेचे घोट घेतच असतात. बारा व्होल्टची म्हणून जी बॅटरी आपण ओळखतों, ती पूर्ण भरलेली असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. १२ च्या खालीं गेली कीं ती जवळजवळ रितीच समजावी. तशीच पडून राहिली तर शिशाच्या पट्ट्यांवर गंधकयुक्त क्षाराचे कठीण कण धरतात, आणि मग ती भरूनहि भरत नाहीं.

परीक्षा सोपी आहे. पुढचे दिवे लावा व किल्ली फिरवा. दिवे मालवले तर बॅटरी उतरली आहे. दिवे लखलखीत राहून गाडी गप्प असेल तर दोष स्टार्टरकडे किंवा त्याच्या तारांत शोधावा. मात्र त्याआधीं बॅटरीचीं टोकें पाहावीं. त्यांवर पांढरी-हिरवी भुकटी धरली असेल तर तारा सोडवून तीं सोड्याच्या कोमट पाण्यानें धुवावीं, पुसून कोरडीं करावीं व आवळावीं. पुष्कळदां दुखणें तेवढ्यावरच भागतें.

शेजाऱ्याच्या गाडींतून वीज घेतांना धनाला धन जोडावें. ऋण तार आधीं त्याच्या बॅटरीला, आणि तिचें दुसरें टोंक आपल्या बॅटरीला न लावतां इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावें. शेवटची जोडणी करतांना ठिणगी उडते, आणि बॅटरींतून हायड्रोजन वायु निघत असतो. तिचा स्फोट होऊन डोळे गेल्याचीं उदाहरणें आहेत. धक्का मारण्याची हौस आवरावी. अगदीं रित्या बॅटरीच्या नव्या गाडींत पेट्रोलचा पंपच चालत नाहीं. मग ढकलणारांचा दम तेवढा जातो.

इंजिन फिरतें, पण पेटत नाहीं, असें असेल तर पेट्रोलकडे वळावें. त्यांतला चटकन् पेटणारा भाग उडून जातो आणि उरलेल्याचा डिंक होतो. जुन्या पद्मिनी किंवा अॅम्बॅसडरच्या कार्बुरेटरचीं बारीक छिद्रें त्यानेंच बुजतात. हल्लींच्या पेट्रोलांत तर सरसहा वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें हवेंतली ओल शोषतें, आणि पाणी फार झालें कीं तें त्यासह टाकीच्या तळाशीं जाऊन बसतें. असें पेट्रोल काढून नवें घालण्यास पर्याय नाहीं. स्टार्टर एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक फिरवूं नये. हवेची जाळी उघडून पाहावी. उंदरांना तेथें घर करणें फार आवडतें, आणि तारा कुरतडणें त्याहूनहि.

गाडी वर्षानुवर्षें उभी असेल तर किल्लीला हातच लावूं नये. प्लग काढून सिलिंडरांत थोडें तेल सोडावें, दिवसभर मुरूं द्यावें, मग मेकॅनिकाकडून पान्यानें इंजिन हातींच फिरवून घ्यावें. तें अडलें तर जोर करूं नये. गंज चढलेला असतो.

टाळेबंदींत पुष्कळांनीं गाडी रोज पांच मिनिटें जागेवरच चालूं ठेवली. हेतु चांगला, उपाय वाईट. स्टार्टरनें खाल्लेली वीजहि तेवढ्यांत भरून येईल याचा भरंवसा नाहीं, आणि न तापलेल्या सायलेन्सरांत पाणी साचतें. त्यापेक्षां आठवड्यांतून एकदां अर्धा तास रस्त्यावर फिरवावी. तें शक्य नसेल तर बॅटरीची ऋण तार सोडून ठेवावी. आणि गाडी सुरू करतांना गॅरेजचें दार उघडें असावें. बंद जागेंत धुरांतला कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला वास नसतो.