आंतरतारकीय रसायनाची सामाईक यादी

ताऱ्यांच्या मधल्या थंड, काळोख्या मेघांत कोणते रेणू कसे घडतात हे गणिताने मांडू पाहणाऱ्या सैद्धांतिक शास्त्रज्ञांजवळ दुर्बीण नसते आणि बहुधा प्रयोगशाळाही नसते. त्यांचा सारा आधार एका यादीवर असतो. १९९१ साली टॉम मिलार आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी ही यादी प्रथम प्रसिद्ध केली, आणि मँचेस्टरमधील ज्या तंत्रशिक्षण संस्थेत ती तयार झाली त्या संस्थेच्या ‘यूमिस्ट’ या आद्याक्षरी नावानेच ती ओळखली जाऊ लागली. पहिल्या आवृत्तीत अणू, रेणू, आयन असे ३१३ रासायनिक घटक आणि त्यांच्यामधल्या २,८८० अभिक्रिया होत्या. २०२२ च्या आवृत्तीत ७३७ घटक आणि ८,७६७ अभिक्रिया आहेत. मूळ संस्था २००४ साली मँचेस्टर विद्यापीठात विलीन झाली, पण यादीच्या नावात ती टिकून आहे.

अशा यादीची गरज या मेघांच्या स्वभावातूनच निर्माण होते. त्यांचे तापमान सुमारे १० केल्विन, म्हणजे शून्याखाली २६३ अंश सेल्सिअस असते, आणि त्यांच्या दाट भागातही एका घनसेंटिमीटरमध्ये हायड्रोजनचे जेमतेम दहा हजार रेणू असतात. पृथ्वीवरच्या बहुतेक अभिक्रियांना सुरू होण्यासाठी जी ऊर्जा लागते ती येथे उपलब्ध नसते, त्यामुळे ज्यांना असा अडथळाच नाही त्याच अभिक्रिया चालू शकतात आणि त्यांत आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित अणुरेणूंच्या, अभिक्रिया सर्वांत महत्त्वाच्या ठरतात. विश्वकिरणांच्या आघाताने हायड्रोजनच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, उरलेला आयन दुसऱ्या हायड्रोजन रेणूशी भिडतो आणि तीन प्रोटॉनांचा एचथ्री प्लस हा आयन तयार होतो. तो कार्बन मोनॉक्साइड, ऑक्सिजन असा जो भेटेल त्याला आपला एक प्रोटॉन देतो आणि तेथून पाणी, अमोनिया, हायड्रोकार्बन यांच्याकडे जाणाऱ्या साखळ्या सुरू होतात. हे चित्र १९७३ साली एरिक हर्ब्स्ट आणि विल्यम क्लेंपरर यांनी सुमारे शंभर अभिक्रियांच्या आधारे मांडले. १९८० साली एस. एस. प्रसाद आणि हंट्रेस यांच्या प्रारूपात ही संख्या १,४०० च्या पुढे गेली.

याच काळात प्रत्येक गटाची स्वतःची यादी होती, प्रत्येकाने आपापल्या वाचनातून आणि अंदाजातून आकडे भरलेले होते, आणि दोन गटांची अमोनियाच्या प्रमाणाबद्दलची भाकिते जुळली नाहीत तर फरक मेघाच्या आकलनात आहे की केवळ आकड्यांत, हे ठरवण्याचा मार्ग नव्हता. एकाच पंचांगावरून गावोगावी तिथी पाहिल्या जाव्यात तसे सर्वांनी एकाच यादीवरून गणित करावे, म्हणजे उरलेला मतभेद खरा मतभेद असेल, हा यूमिस्टच्या यादीमागचा साधा पण दूरदर्शी विचार होता.

या सहकार्याच्या इतिहासात मुंबई आणि गोवा यांना खरे स्थान आहे. मेघाच्या गाभ्यात ताऱ्यांचा प्रकाश पोचत नाही, कारण धूळ तो बाहेरच अडवते. तेव्हा तेथे प्रकाशामुळे रेणू तुटण्याचा प्रश्नच येत नाही, असे दीर्घकाळ गृहीत धरले जात होते. १९८३ साली एस. एस. प्रसाद आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. पी. तारफदार यांनी हे गृहीतक मोडले. विश्वकिरण हायड्रोजनमधून जो इलेक्ट्रॉन बाहेर काढतात त्याच्याजवळ बरीच ऊर्जा असते. तो पुढच्या हायड्रोजन रेणूवर आदळतो, रेणू उत्तेजित होतो आणि मूळ स्थितीत परतताना जंबुपार प्रकाश सोडतो. म्हणजे बाहेरचा प्रकाश बंद झाला तरी मेघ आपल्या आतच क्षीण जंबुपार प्रकाश निर्माण करत राहतो, आणि तेवढा प्रकाशही लाखो वर्षांच्या हिशेबात रेणू तोडण्यास पुरेसा असतो. वायू, धूळ आणि विश्वकिरण यांच्याविषयी आधीच माहीत असलेल्या गोष्टी केवळ एकत्र ठेवून काढलेला हा निष्कर्ष सैद्धांतिक कामाचा अतिशय सुंदर नमुना आहे. विश्वकिरणजन्य प्रकाशाने होणाऱ्या अभिक्रियांचा स्वतंत्र प्रकार आजही यूमिस्टच्या यादीत आहे. पुढे डिसेंबर १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचा १२० वा परिसंवाद ‘खगोलरसायन’ या विषयावर गोव्यात भरला आणि त्याचा ग्रंथ एम. एस. वर्द्या आणि तारफदार यांनी संपादित केला.

यादीतील एक ओळ नीट पाहिली की तिची रचना किती विचारपूर्वक केलेली आहे हे कळते. कोणत्या दोन घटकांची अभिक्रिया होते आणि त्यातून काय निघते हे सांगितल्यावर तीन संख्या येतात: पहिली ३०० केल्विन तापमानाच्या आसपासचा वेग देते, दुसरी तापमानाबरोबर तो वेग कसा बदलतो हे दाखवते आणि तिसरी अभिक्रियेच्या वाटेतील ऊर्जेच्या अडथळ्याचे माप असते. त्यानंतर हे आकडे कोणत्या तापमानांच्या दरम्यान खरे मानावेत त्या मर्यादा, ते मोजलेले आहेत, गणिताने काढलेले आहेत की अंदाजाने घेतलेले आहेत याची खूण, आणि विश्वासार्हतेची श्रेणी असते. ‘ए’ श्रेणी म्हणजे चूक २५ टक्क्यांच्या आत, ‘बी’ म्हणजे ५० टक्क्यांच्या आत, ‘सी’ म्हणजे दुपटीच्या आत, ‘डी’ म्हणजे दसपटीच्या आत, आणि ‘ई’ म्हणजे आकडा फारच अनिश्चित. आपल्याच आकड्याशेजारी ‘ई’ लिहिणे ही या संपूर्ण उद्योगातील सर्वांत मोलाची कृती आहे, कारण जो आकडा आपली अनिश्चितता जाहीर करतो तोच दुसऱ्या कोणाला ती दूर करण्याचे निमंत्रण देतो.

हे निमंत्रण स्वीकारले गेले की काय घडते याचे उत्तम उदाहरण एचथ्री प्लस आयनाचेच आहे. हा आयन इलेक्ट्रॉनला भेटला की तुटतो. या क्रियेला विघटनकारी पुनर्संयोग म्हणतात, आणि तिचा वेग किती हा प्रश्न अनेक वर्षे सुटत नव्हता. वेगवेगळ्या प्रयोगांची उत्तरे एकमेकांपासून दहा हजार पटींपर्यंत दूर होती, आणि त्या वेळचा सिद्धांत सांगत होता की हा पुनर्संयोग जवळजवळ होऊच नये. २००१ साली कोकुलिन, ग्रीन आणि एस्री यांनी दाखवून दिले की आयनाचे कंपन आणि इलेक्ट्रॉनची गती यांच्यातील एक विशिष्ट जोडणी, जिला यान–टेलर परिणाम म्हणतात, आधीच्या गणितांतून सुटलेली होती. ती धरल्यावर वेग कितीतरी वाढला. २००३ साली बेन मॅकॉल आणि सहकाऱ्यांनी स्टॉकहोमच्या क्रायरिंग या साठवण-वलयात अगोदर थंड केलेल्या आयनांवर मोजमाप केले, त्याच शोधनिबंधात ययाति तारकासमूहातील झीटा या ताऱ्याच्या दिशेने दिसलेला एचथ्री प्लसही मांडला, आणि त्यावरून त्या दिशेच्या विरळ मेघात विश्वकिरणांचा आयनीकरणाचा वेग प्रचलित आकड्याच्या सुमारे चाळीसपट असला पाहिजे असा निष्कर्ष निघाला. एका ओळीतील एक आकडा पक्का होण्यासाठी सिद्धांत, प्रयोग आणि निरीक्षण असे तिन्ही पक्ष लागले, आणि तो पक्का होताच विश्वकिरणांविषयीची समजूतही बदलली.

२०१२ साली फ्रान्समधील बोर्दो येथे व्हॅलेंटाइन वेकलाम आणि अनेक सहकाऱ्यांनी ‘कीडा’ हा दुसरा संग्रह शोधनिबंधातून मांडला, ज्यात भौतिक रसायनाचे तज्ज्ञ आकड्यांचे परीक्षण करून शिफारस करतात. टक्करींमधून रेणूंना मिळणाऱ्या ऊर्जेचे आकडे लायडन आणि पॅरिस येथील संग्रहांत जमा होतात. त्यांच्याशिवाय दुर्बिणीत दिसलेल्या वर्णपटातील रेषेवरून रेणूंचे प्रमाण काढता येत नाही.

पण यादी वाढली तसतशी तिच्याविषयीची काळजीही वाढली पाहिजे. एकतर बहुतेक मोजमापे खोलीच्या तापमानाजवळची असतात आणि मेघ त्याहून कितीतरी थंड असतो, त्यामुळे सूत्र खाली ताणावे लागते, आणि ताणलेले सूत्र फसवू शकते. हायड्रॉक्सिल आणि मिथेनॉल यांच्या अभिक्रियेत ऊर्जेचा अडथळा असल्याने थंडीत ती मंदावणार असे सूत्र सांगते. लीड्स येथील गटाने २०१३ साली दाखवले की ६३ केल्विनला ती २०० केल्विनपेक्षा सुमारे शंभरपट वेगाने होते, कारण दोन्ही रेणू क्षणभर सैलपणे जोडलेले राहतात आणि तेवढ्या वेळात हायड्रोजन अडथळ्यावर न चढता पुंजयांत्रिकीच्या नियमाने त्यातून आरपार निघून जातो. अशा आणखी किती ओळी आज सूत्रावर विसंबून आहेत हे एकेक तपासूनच कळणार, आणि एका अभिक्रियेचे काटेकोर पुंजयांत्रिकी गणित हे कित्येक महिन्यांचे काम असते.

दुसरी अडचण धुळीची आहे. हायड्रोजनचा रेणू स्वतः मुख्यतः धूलिकणांच्या पृष्ठभागावर बनतो, मिथेनॉलही कणांवरच्या बर्फात बनते, परंतु वायूसाठी चालणारी तीन संख्यांची ओळ बर्फाला लागू पडत नाही. एखादा अणू बर्फावर किती घट्ट चिकटतो आणि तेथून किती सहज सरकतो हे त्या जागेच्या बारीक रचनेवर अवलंबून असते, आणि तेथे सर्वमान्य आकड्यांवर एकमत होणे अजून दूर आहे.

तिसरी अडचण माणसांची आहे आणि ती सर्वांत गंभीर आहे. आकडे तपासणे, जुने वगळणे आणि श्रेणी लावणे हे सावकाश चालणारे, कधीही न संपणारे काम आहे, तर संशोधनाचा निधी बहुधा तीन-चार वर्षांच्या प्रकल्पांना मिळतो. ‘आपला खगोलरासायनिक इतिहास’ या नावाचे युरोपीय देशांचे सहकार्यजाळे २०१४ साली सुरू होऊन २०१८ साली मुदतीप्रमाणे संपले. २०२२ च्या आवृत्तीवर चारच लेखकांची नावे आहेत. नवा रेणू शोधणाऱ्याला मान मिळतो, जुन्या आकड्याची श्रेणी सुधारणाऱ्याला तो क्वचितच मिळतो, आणि तरुण संशोधकाने आपली उमेदीची वर्षे या कामाला का द्यावीत याचे समाधानकारक उत्तर विद्यापीठांजवळ आज नाही.

निरीक्षणे मात्र थांबत नाहीत. वृषभ राशीतील टीएमसी-१ या मेघात २०१८ साली बेंझोनायट्राइल आणि २०२१ साली सायनोनॅफ्थलीन हे वलयी रेणू सापडले, आणि सायनोनॅफ्थलीनचे प्रमाण प्रारूपांच्या भाकितापेक्षा अनेक दसपटींनी अधिक निघाले. मोठा वलयी आयन इलेक्ट्रॉनला भेटल्यावर त्याचे वलय शाबूत राहते की फुटते, आणि किती अंशांनी, यावर ही तफावत बरीचशी अवलंबून असू शकते. बहुतेक मोठ्या आयनांसाठी त्या जागी आज अंदाजाचाच आकडा आहे.